पाहुणा शब्द

ओक बाई दुकानात शिरल्या की मी आधी पंखा बंद करायचो. मे महिना असो, अंगातून घामाच्या धारा लागलेल्या असोत, पंखा बंद. कारण बाई आल्या की काउंटरवर त्यांच्या चिठ्ठ्या पसरणार, एकेका चिठ्ठीवर पेन्सिलीने एकेक अक्षर, आणि पंखा चालू राहिला तर अर्धी बाराखडी थेट झेरॉक्स मशीनच्या खाली. एकदा एक 'ळ' असाच गेलेला. मी बोललो, "बाई, दुसरा लिहा ना, तो काय सोन्याचा आहे का?" त्या बोलल्या, "सोन्याचा नाही हो, पण तो तिथे एकटा पडेल." आणि स्वतःच पदर खोचून वाकायला लागल्या. आता पन्नाशीला आलेल्या बाईला माझ्या दुकानाची फरशी चाटायला लावायची का मी? सरकवलं मशीन. मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण सरकवलं.

माझं दुकान बाळकुमला, शाळेच्या गल्लीच्या तोंडाशी. झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. राहायला मी वर्तकनगरला. बाई ठाकुर्लीहून यायच्या आणि शाळेत दुसरी-तिसरीला मराठी शिकवायच्या. मराठी त्यांचं एकदम कडक इस्त्रीचं. माझं 'मी गेलेलो, मी बोललो' ऐकलं की त्यांची डावी भुवई जराशी वर जायची. पण मला त्यांनी कधी टोकलं नाही. एकदा मीच विचारलं, तर बोलल्या, "तुम्ही माझ्या वर्गात नाही, सुनील. तुम्हाला माफ आहे."

त्यांचं माझ्याकडे काम एकच. शब्दशोध. चौकटींचा कागद, प्रत्येक चौकटीत एक अक्षर, त्यात लपवलेले शब्द, खाली शब्दांची यादी. पोरांनी शब्द शोधायचा आणि त्याला गोल करायचा. दर शनिवारी पोरांना एक नवीन कागद. कधी फळं, कधी भांडी, कधी नातेवाईक. बाई घरून पुठ्ठ्यावर चौकटी आखून आणायच्या, काउंटरवर त्यात चिठ्ठ्या मांडायच्या, हलवायच्या, परत मांडायच्या, आणि मन भरलं की मला एकेक अक्षर सांगायच्या आणि मी टाइप करायचो. मागे गिऱ्हाईक आधार कार्ड हातात धरून चुळबुळ करतंय, मी बाईंकडे डोळे वटारून बघतोय, आणि बाई शांतपणे 'प'च्या जागी 'म' ठेवून मान वाकडी करून बघतायत. असा राग यायचा. पण बाईंवर ओरडायला माणूस वेगळ्या काळजाचा लागतो.

एक दिवस मी शहाणपणा केला. नेटवर फुकटची साइट सापडली. शब्द टाका, बटण दाबा, कोडं तयार. बोललो, बाईंचा त्रास वाचेल आणि माझा तर शंभर टक्के. 'चिमणी' टाकलं, 'पोपट' टाकलं, प्रिंट काढून बाईंसमोर ठेवली. बघतो तर काय, 'च' एका चौकटीत आणि त्याची वेलांटी शेजारच्या चौकटीत, एकटीच, पोटात ठिपक्यांचा गोळा घेऊन उभी. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सुनील, ही वेलांटी अशी बेघर का झाली?"

"साइटला मराठी येत नाही बाई."

"मग साइटने शिकावं आधी." कागदाची घडी घालून त्यांनी पर्समध्ये ठेवला, कचऱ्यात नाही टाकला. "एक चौकट म्हणजे एक घर. अक्षराने आपली काना-मात्रा, वेलांटी, टिंब सगळं घेऊन एकाच घरात राहायचं. कुटुंब तोडायचं नाही."

बाईंचं सगळं असंच घरसंसाराच्या भाषेत चालायचं. शब्द बसवून झाले की उरलेल्या चौकटी कशानेही भरायच्या असतात. कुणीही काहीही भरेल. बाई नाही. त्या उरलेल्या अक्षरांना 'शेजारी' म्हणायच्या. "शेजारी पारखून घ्यावा लागतो. नाहीतर दोन शेजारी मिळून भलताच शब्द तयार करतात." म्हणून कागद छापायच्या आधी त्या प्रत्येक ओळ आडवी, उभी, तिरकी वाचून बघायच्या, आपोआप काही शब्द झालाय का म्हणून. उलटा शब्द त्यांच्या कागदात कधीच नसायचा. "पोरं आत्ता कुठे सुलटं वाचायला लागलीयेत," म्हणायच्या, "त्यांना उलटं कशाला वाचायला लावायचं?"

आणि शेवटची गंमत म्हणजे पाहुणा. प्रत्येक कागदात एक शब्द असा ठेवायच्या की जो खालच्या यादीत नाही. त्याचं नाव पाहुणा. न सांगता आलेला. यादीतले शब्द सगळेच शोधतात, पण ज्याला पाहुणा सापडेल त्याने बाईंच्या टेबलापाशी जाऊन कानात सांगायचं. सापडला तर बाई त्याचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहायच्या आणि ते शनिवारभर पुसायचं नाही. पोरं या पाहुण्यासाठी जीव टाकायची.

त्या पाहुण्यापायी मी एकदा तोंडघशी पडलेलो. बाईंना ताप होता. फोनवर शब्द सांगितले, म्हणाल्या, "शेजारी तेवढे तुम्ही बसवा, पण बघून." मी कशाला बघतोय. कीबोर्डवर बोटं आपटली, झालं. शनिवारी भाज्यांचा कागद वाटला. यादीत दोडका, भोपळा, गवार. आणि तिसऱ्या ओळीत, ओळीने, 'ट', 'क', 'ला'. आमच्या शाळेचे हेडसर कसे होते हे वेगळं सांगायला नको. नेमके तेव्हाच ते वर्गात आले आणि एक पोरगा बाकावरून उठून म्हणाला, "सर, पाहुणा आला."

हेडसर माझ्या दुकानात आले. मी लॅमिनेशनच्या मशीनमध्ये डोकं घालून उभा. बाई ताप उतरल्यावर आल्या, मला वाटलं आता काढतात चामडी. त्या स्टुलावर बसल्या आणि रुमाल तोंडाला लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग हसू आवरून म्हणाल्या, "तरी सांगत होते, शेजारी बघून घ्या." बाईंना तसं हसताना मी नंतर फार बघितलं नाही. कारण त्यानंतर थोड्याच महिन्यांनी 'बय'चं झालं.

ते माझ्यासमोर झालं. म्हणजे मूळ गोष्ट वर्गात झालेली, पण बाईंना कळलं ते माझ्या दुकानात.

बाई काउंटरवर चिठ्ठ्या मांडत होत्या. पंखा बंद. एक बाई झेरॉक्सला आल्या, इथल्याच गावातल्या. बाळकुमात आता टॉवरच टॉवर झालेत, पण त्यांच्यामध्ये जुनी घरं अजून आहेत, ज्यांची इथे शेती होती, मिठागरं होती. त्यांच्यातल्या त्या. हातात सासूच्या मृत्यूचा दाखला. ओक बाईंना बघून थांबल्या.

"बाय, आमच्या हर्षूचा शालंत बरा चाल्लाय ना? घरा तं काय बोलतच नाय."

हर्षाली तेव्हा बाईंच्या वर्गात, दुसरीला. बाई म्हणाल्या, "हुशार आहे हो. पण गेल्या आठवड्यापासून जरा गप्पगप्प असते खरी."

"बय गेली ना तिची."

"कोण गेली?"

"बय. माझी सासू. आमच्यान आजीला बयच बोलतान. तिच्या मांडीवरच वाढली पोर. त्या दिवशी शालंतशी आली तं कागूद फेकलान. बोलली, मम्मी, बय असा शब्दच नसतो, बाई बोलल्या." त्या माउलीच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट पोरगी काय काय बोलते बघा, अशा सुरात सांगत होत्या. माझ्याकडून झेरॉक्स घेतली आणि गेल्या.

बाईंच्या हातात एक चिठ्ठी होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही. मग हळूहळू मला सांगितलं. प्राण्यांचा कागद होता. पाहुणा होता 'कासव'. शेजाऱ्यांमध्ये कुठेतरी 'ब' आणि त्याच्यापुढे 'य' आलेला. नेहमीप्रमाणे बाईंनी सगळ्या ओळी वाचून बघितलेल्या, पण 'बय' त्यांच्या नजरेला अडला नाही, कारण त्यांच्या मराठीत तो शब्दच नव्हता. हर्षाली टेबलापाशी आली. ब आणि य भोवती गोल केलेला, चांगला जाड, दोनदा गिरवलेला. कानात म्हणाली, "बाई, बय आली." आणि बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवून सांगितलं, "असा शब्द नसतो गं राजा. नीट शोध."

"रागावले असते तर बरं झालं असतं," बाई मला म्हणाल्या. "तिने मनावर घेतलं नसतं. मी प्रेमाने सांगितलं हो."

मी बोललो, "बाई, त्यात काय, उद्या सांगा तिला की असतो. विषय संपला." मला खरंच वाटलेलं की विषय इतकाच आहे. 

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई आल्या त्या चिठ्ठ्यांशिवाय. स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "सांगितलं तिला. जवळ बसवून सांगितलं. बाईंचं चुकलं, बय शब्द असतो, छान शब्द आहे, म्हटलं."

"मग? झाली ना खूष?"

"ती मला समजावत होती, सुनील. म्हणाली, नाही बाई, नसतो तसा शब्द. आजी म्हणायचं असतं."

बाहेर शाळेची रिक्षा हॉर्न मारत होती. बाई तिकडे बघत राहिल्या. "इतकी वर्षं शिकवते. 'नाय' म्हणू नका, 'नाही' म्हणा. कुणी ऐकलं नाही. मधल्या सुट्टीत सगळे परत नाय. आणि एकीने ऐकलं ते नेमकं हे."

त्यानंतर बाई बदलल्या. म्हणजे साडी तीच, पर्स तीच, मराठी तेच कडक. पण कागद बदलले. प्रत्येक कागदात पाहुणा एकच. बय. विषय फुलांचा असो नाहीतर वाहनांचा, कुठल्यातरी कोपऱ्यात 'ब' आणि त्याच्या शेजारी 'य'. मला सांगायची गरज नाही उरली. मी विचारायचो, "आजी कुठे बसवायच्यात?" आणि बाई बोट ठेवायच्या. सगळ्यांना वाटायचं, बाईंची काहीतरी गंमत आहे. गावातली पोरं लगेच गोल करायची, नाव फळ्यावर लावून घ्यायची. बाई सगळ्यांचे कागद गोळा करून आधी हर्षालीचा काढायच्या. यादीतला एकेक शब्द बरोबर शोधलेला, गोल एकदम सुबक. आणि बय मोकळी.

"दिसत नसेल तिला," मी एकदा बोललो.

"दिसतो हो. मागच्या शनिवारी 'बदक' शोधताना तिने बोट त्याच्यावरूनच नेलं."

हे असं त्या वर्षी चाललं, पुढच्या वर्षी चाललं. हर्षाली पाहुणा शोधणं सोडून बाकी सगळ्यात पहिली यायला लागली. निबंधात पहिली, वक्तृत्वात पहिली. शाळेत उदाहरण द्यायचे, बघा, गावातली मुलगी किती शुद्ध बोलते. बाई हे ऐकायच्या आणि हातातला खडू मोडायच्या. ते मला दुसऱ्या एका बाईंनी सांगितलं.

मग बाई माझ्या दुकानात येणाऱ्या बायकांना धरायला लागल्या. कुणी रेशन कार्डाची झेरॉक्स काढायला आली की, "अहो, याला तुमच्याकडे काय म्हणतात?" खेकडा म्हणजे चिंबोरी, हे तर मलाही माहीत होतं. पण खाडीकाठची भरतीचं पाणी येणारी जमीन म्हणजे खाजण, त्यात बांध कसा घालतात, हे सगळं त्या बायका सांगायला लागल्या आणि बाई ते शब्द स्वतः म्हणून बघायला लागल्या. त्यांच्या तोंडात ते शब्द असे काही यायचे की बायका पदर तोंडाला लावायच्या. एक म्हातारी तर सरळ बोलली, "बाय, तुमी बोलू नका. तुमी नुसता लिवा." बाई हसल्या आणि लिहिलं. दुसऱ्या शनिवारी खाजण कागदात.

एका टॉवरमधल्या पालकांनी तक्रार केली. पोराच्या कागदात चुकीचं मराठी आहे, शब्दकोशात 'बय' बघितला, नाही सापडला. हेडसरांनी बाईंना बोलावलं. बाई म्हणाल्या, "शब्दकोशात नसेल. बाळकुमात आहे. आपली शाळा कुठे आहे?" हेडसर त्या 'टकला' प्रकरणापासून बाईंना थोडे वचकूनच होते, त्यांनी तो अर्ज बाजूला ठेवला.

पण जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती चौथी पास होऊन वरच्या शाळेत गेली. बाई दर वर्षी नव्या पोरांना बय शोधायला लावत राहिल्या. मला कधी कधी वाटायचं, बाई, सोडा आता. पोरगी विसरली, तुम्ही का धरून बसलात? एकदा मी बोललोही. बाई म्हणाल्या, "ती विसरली म्हणूनच."

बाई रिटायर झाल्या त्या दिवशी दुपारी शाळेत निरोपाचा कार्यक्रम होता. सकाळी बाई दुकानात आल्या, नवीन साडीत. पंखा बंद केला. चिठ्ठ्या मांडल्या. त्या दिवशी विषय 'आपलं घर'. अक्षरं टाइप करून झाली, मी बोललो, "यादी सांगा."

"बय," बाई म्हणाल्या.

मला वाटलं चुकल्या. "बाई, पाहुणा यादीत?"

"पाहुणा नाही तो. घरचा शब्द आहे. मीच त्याला इतकी वर्षं पाहुणा करून ठेवलं. पहिला घाला, सगळ्यांच्या वर."

मी घातला. खाली उंबरा, चूल, देव्हारा, अंगण. पहिली प्रिंट काढून काउंटरवर ठेवली, आणि तेवढ्यात हर्षाली आली. अकरावीला होती तेव्हा, पंजाबी ड्रेस, हातात मोबाइल. "काका, एक प्रिंट हवी होती. आणि बाई, तुम्ही इथेच? बरं झालं." ती पाया पडली. माजी विद्यार्थ्यांतर्फे भाषण तिचंच होतं, तेच छापायला आलेली. मी प्रिंट काढली. तिने ती सरळ बाईंच्या हातात दिली. "तुमच्याबद्दलच आहे बाई, तुम्ही आधी वाचायला नको खरं तर. पण शुद्धलेखन तुमच्याशिवाय कोण बघणार?"

बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं आणि वाचायला लागल्या. मी छापलेलं, त्यामुळे मला माहीत होतं काय आहे त्यात. 'घरी आम्ही गावठी बोलायचो. ओक बाईंनी मला शुद्ध मराठी दिली. मी दुसरीत असताना बाईंनी एकदा मला फार मायेने माझी चूक दाखवली. कोणता शब्द ते आठवत नाही, पण तो हात अजून आठवतो.' बाई त्या ओळीवर थांबल्या. पेन कागदाच्या वर तसंच. मी मशीनचं झाकण उघडून बघायला लागलो, आत बघण्यासारखं काही नव्हतं. मला त्या वेळी त्या पोरीचा राग आला, आणि तिचा तर काडीचा दोष नव्हता.

"एकही चूक नाही," बाई म्हणाल्या आणि कागद परत दिला.

हर्षालीचं लक्ष काउंटरवरच्या शब्दशोधाकडे गेलं. "अय्या, अजून करता तुम्ही हे?" तिने तो उचलला, यादी वाचली, आणि कपाळाला आठी पडली. "बाई, पहिल्याच शब्दात टायपिंग मिस्टेक झालीये. 'वय' हवंय ना?"

बाई म्हणाल्या, "बरोबर आहे ते. शोध बघू."

मी पेन पुढे केलं. तिला क्षणभरही लागला नाही. सवयीचं बोट सरळ तिथे गेलं. गोल केला, एकदाच, सुबक. "सापडला."

"वाच."

"बय." पाटीवरचं नाव वाचावं तसं तिने वाचलं. मग जरा थांबली. "आम्ही लहानपणी आजीला असंच काहीतरी म्हणायचो वाटतं. मम्मी सांगते. मला नाही आठवत." आणि बाईंकडे बघून हसली, कागद काउंटरवर ठेवला, आणि भाषणाची घडी घालून, "दुपारी भेटू बाई" म्हणत गेली. चांगली मुलगी आहे. आजही दुकानात येते, काका-काका करते.

बाईंनी तो गोल केलेला कागद उचलला नाही. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो गोल, आणि त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. मी बोललो, "बाई, केला की तिने." बाई म्हणाल्या, "हो. केला." मला अजून ते 'हो' आठवलं की वाईट वाटतं.

त्यानंतर बाई बाळकुमला आल्या नाहीत. ठाकुर्लीला असतात, तब्येत बरी आहे असं कळतं. मला त्या आठवतात त्या त्याच सकाळच्या. पर्स खांद्याला लावली, लाल पेन आत टाकलं. दारापर्यंत जाऊन वळल्या.

"सुनील, पंखा लावा हो. उकडतंय."

"बाई, चिठ्ठ्या आवरतो आधी."

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "लावा."

मी लावला. एकवरच ठेवला, पण पुठ्ठ्यावरची अक्षरं उठलीच. दोनचार मशीनच्या खाली गेली. बाई ती जाताना बघत होत्या. या वेळी त्या वाकल्या नाहीत.